बस सोमवारपासून

३ फेब्रुवारी, संत ब्लासचा दिवस

आज घशाच्या संताचा सण. पाद्रीबाबांनी दोन मेणबत्त्यांची कात्री करून माझ्या गळ्याला लावली, आशीर्वाद पुटपुटले. मी बाजूला झालो आणि पुन्हा रांगेत उभा राहिलो. दुसऱ्या वेळी त्यांनी ओळखलं. म्हणाले, एवेलिओ, संताला एकदा सांगितलेलं कळतं.

त्यांना काय सांगणार? बाकीच्यांचा घसा जेवायला आणि भांडायला. माझा घसा लोकांच्या कामाचा. बावीस वर्षं बस टर्मिनसवर गाड्यांच्या घोषणा केल्या. मग तिथे मशीन आलं, बाईच्या आवाजाचं. त्या मशीनला सर्दी होत नाही एवढंच. लोक अजून मानाने ‘काराई’ लावूनच म्हणतात, काराई एवेलिओ, तुमच्या वेळी गाडी कधी चुकायची नाही. (गाड्याच उशिरा यायच्या, चुकतील कशा, असं दिग्ना म्हणते. दिग्ना माझी बायको. टर्मिनसच्या दारात टोपलीतून चिपा, चीजचे भट्टीतले पाव, विकते. चिपा फार चांगल्या करते. बोलणं तेवढं खारट.)

आजपासून रोजनिशी. कारण परवा नगरपालिकेतून फोन आला. जनसंपर्क विभागातल्या कुमारी लिझ. दर आठवड्याला निवेदन पाठवतील, ते मी चॅपलच्या भोंग्यावरून वस्तीला वाचून दाखवायचं. म्हणाल्या, तुम्ही नदीकाठचा आमचा आवाज. पगाराचं त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. पहिल्याच बोलण्यात काढायचं नसतं.

संकल्प: रोज पहाटे मिठाच्या गुळण्या. बर्फाच्या पाण्यातला नळीने ओढायचा चहा, तेरेरे, बंद.

४ फेब्रुवारी

चाळीस डिग्री. तेरेरे बंद करायला महिना चुकीचा निवडला. मार्चपासून.

९ फेब्रुवारी, सोमवार

पहिलं निवेदन! विषय पुनर्वसन. दर दोन-तीन वर्षांनी नदी आमच्या घरात शिरते, म्हणून नगरपालिकेने शहराबाहेर एकोणिसाव्या किलोमीटरला वसाहत बांधली आहे. नाव ‘नवी पहाट’. पक्की घरं, घरातच संडास, दारातून थेट टर्मिनसपर्यंत ४४-ब नंबरची बस, दवाखाना, सामुदायिक भोजनालय. ‘सर्व सोयी लवकरच.’ ‘लवकरच’ या शब्दावर मी खास वजन दिलं. भोंगा थोडा किंचाळला, कुत्री ओरडली, पण शब्द पोचला.

दिग्नाला विचारलं, कसं झालं? म्हणाली, बस किती वाजताची ते सांगितलं नाहीस.

तपशिलात शिरायची बायकांना सवय.

१४ फेब्रुवारी

आनास्तासिओकडे गेलो. माझा कोंपाद्रे. आमच्या पोरीच्या बारशाला तिला त्याने धर्मपिता म्हणून हातात घेतलं, तेव्हापासून सख्ख्या भावाहून जवळचा. पोरगी आता ब्वेनोस आयरेसला असते, पण पहिला फोन यालाच करते. त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार हॉस्पिटलात जाऊन मशीनवर पडायचं. इथून बस पकडली की पावशेर चिपा संपेपर्यंत हॉस्पिटल येतं.

वस्तीतली सगळी मंडळी त्याच्याकडे बघून ठरवतात. तो हलला तर सगळे हलतील. लिझबाईंनाही हे माहीत आहे, त्यांनी खास सांगितलं.

तो म्हणाला, माझं रक्त त्या मशीनमधून धुऊन येतं, एवेलिओ. मशीन काही एकोणिसाव्या किलोमीटरला येणार नाही.

मी म्हणालो, मशीन नाही, बस येणार. तुझ्या दाराशी.

तू सांगतोस?

मी नाही, नगरपालिका सांगते.

तो बराच वेळ तेरेरेची नळी चघळत बसला. (त्याला दिवसाला दोन घोटांची परवानगी. उरलेला वेळ नळी नुसतीच चघळतो.) मग म्हणाला, नगरपालिकेला मी ओळखत नाही. तुला ओळखतो.

ऐकून ऊर भरून आला. माणसाने आयुष्यात कमवावं ते हेच.

१६ फेब्रुवारी

लिझबाईंना विचारलं, बस नक्की कधी? त्या हसल्या. म्हणाल्या, अहो काराई, आधी माणसं की आधी बस? रिकाम्या वसाहतीला बस कोण सोडेल? बिनतोड. मला स्वतःला सुचायला हवं होतं.

कोंपाद्रेला सांगितलं, बस तयार उभी आहे, फक्त तुझीच वाट बघतेय. शब्द थोडे इकडचे तिकडे, अर्थ तोच.

७ मार्च, शनिवार

गेलो! नगरपालिकेचे ट्रक सकाळी आले. अट अशी की नदीकाठचं घर आपण आपल्या हाताने पाडायचं, म्हणजे दुसरं कोणी शिरणार नाही. आमचं घर पडायला कॉफी उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. दिग्नाची मातीची घुमटभट्टी तेवढी उभी राहिली. ट्रकात मावेना. ती भट्टीच्या पाठीवर हात फिरवत उभी होती, गाय विकल्यासारखी. मी हाक मारली, अगं चल, तिथे नवी बांधू.

आनास्तासिओचं मशीन आजच्या ऐवजी कालच घेतलं होतं, म्हणून तो आज मोकळा. त्याची बायको न्या इल्दा (आमच्याकडे बायकांना मानाने न्या म्हणतात) ट्रकात माझ्यासमोर बसली. वाटभर एक शब्द नाही. उन्हाने डोकं दुखत असणार.

नव्या घराला रंगाचा वास. नळ सोडला तर आधी हवा आली. चांगलं लक्षण, पाइप मोकळा आहे. मग मात्र हवाच येत राहिली.

संध्याकाळी ट्रक गेले. फार शांत जागा. इतकी शांतता शहरात पैसे देऊन मिळत नाही.

१० मार्च, मंगळवार

बस आली नाही. आनास्तासिओ आणि न्या इल्दा उजाडायच्या आधीच चालत निघाले. हमरस्ता वीटभट्ट्यांच्या पलीकडे, तांबड्या मातीचा रस्ता, पाच किलोमीटर. मी सोबत जाणारच होतो. पण पाण्याच्या टाकीच्या खांबावर भोंगा बसवायचा होता. एकाच वेळी एक माणूस किती ठिकाणी पुरा पडणार?

दिग्ना त्यांच्यासोबत गेली. डोक्यावर रिकामी टोपली.

१३ मार्च

निवेदन: ‘४४-ब बस सोमवारपासून.’ तीन वेळा वाचलं. तिसऱ्यांदा तर जुनं टर्मिनस आठवलं, अंगावर काटा आला. लोक दारात येऊन उभे राहिले. आनास्तासिओने खिडकीतून हात केला.

१६ मार्च, सोमवार

बस आली नाही.

१७ मार्च

लिझबाईंशी बोललो. त्या म्हणाल्या, सोमवारपासून म्हटलंय. कुठल्या सोमवारपासून ते म्हटलंय का?

कागद पुन्हा पाहिला. खरंच तारीख नाही. कायद्याने त्यांचं बरोबर आहे. इथून पुढे निवेदन आधी नीट वाचायचं, मग मोठ्याने वाचायचं. हा संकल्प.

२० मार्च

निवेदन: वसाहतीच्या सौंदर्यासाठी अंगणात मातीची भट्टी, कोंबड्या व कपड्यांच्या दोऱ्या यांना मनाई.

मोठ्याने वाचताना ‘भट्टी’ पाशी आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं. पण अर्ध्यात थांबता येत नाही. आवाजाची शिस्त असते.

घरी आलो. अंगणात दिग्ना गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात पहिला गिलावा. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. तिने नुसते हात धुतले. हवा संपून नळाला पाणी आलं होतं, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं.

१ एप्रिल, पवित्र आठवड्यातला बुधवार

आज घराघरात चिपा भाजतात. वर्षाच्या कमाईतला मोठा दिवस. दिग्ना जुन्या भट्टीवर भाजायला नदीकाठी गेली. म्हणाली, भट्टी उभी आहे अजून. रात्री तिथेच कोणाकडे तरी झोपेन.

मी म्हणालो, कोणाकडे? सगळे तर इकडे आलेत.

ती म्हणाली, एवेलिओ, तू भोंग्यावरून खाली बघत जा जरा.

३ एप्रिल, शुभ शुक्रवार

चिपा नाहीत. बिस्किटं खाल्ली. उपवासच म्हणायचा, पुण्य जास्त.

१८ एप्रिल

मोठी बातमी! पुढच्या शनिवारी बसचं उद्घाटन. नगराध्यक्ष स्वतः येणार. बँड. फुगे. सूत्रसंचालन माझ्याकडे. लिझबाई म्हणाल्या, तुमच्याशिवाय कोण करणार?

म्हणजे पगाराचं पद येतंय. उघड बोलत नाहीत, पण आधी असंच पारखून बघतात. ‘वसाहत समन्वयक’ असं काहीतरी नाव असेल. काळी पँट उसवली आहे, दिग्नाला टर्मिनसवर निरोप धाडला.

आनास्तासिओला सांगायला गेलो. पलंगावर पडून होता. पाय सुजलेले, चेहरा मेणासारखा. आठवड्यातून तीनदा चालण्याने. मी म्हणालो, संपले तुझे हाल. शनिवारी तू पहिला चढायचंस, खिडकीची जागा. न्या इल्दाने हॉस्पिटलात कळवून त्याची वेळ सकाळऐवजी अकराची करून घेतली. म्हणाली, काराई एवेलिओ, नक्की ना? त्यांनी खुर्ची दुसऱ्याला दिली की दिली.

मी म्हणालो, न्या इल्दा, नगराध्यक्ष येणार आहेत.

२५ एप्रिल, शनिवार

सोहळा अप्रतिम झाला. हे आधी लिहून ठेवतो.

आवाज लागला होता. बँड थोडा बेसूर, त्यात माझा दोष नाही. बस पांढरी, फुगे लावलेली, पुढे ‘४४-ब’ चा कागद चिकटवलेला. नगराध्यक्षांनी फीत कापली, माझ्या पाठीवर थाप मारली. (फोटो आहे. माझा अर्धा चेहरा एका फुग्यामागे.)

आनास्तासिओ पहिला चढला. शर्टाला इस्त्री, मांडीवर पिशवी, पिशवीत घोंगडी. मशीनवर थंडी वाजते म्हणून. बसने पाण्याच्या टाकीला फेरी मारली. कॅमेऱ्यासाठी आणखी दोन. मग थांबली आणि सगळ्यांना उतरायला सांगितलं.

सगळे उतरले. तो उतरेना.

ड्रायव्हर भला माणूस. म्हणाला, बाबा, ही गाडी भाड्याची आहे, सहलींची. मला दुपारी एका लग्नाचं वऱ्हाड न्यायचंय.

आनास्तासिओ म्हणाला, मग ने मला लग्नाला. वाटेत उतरेन.

लोक हसले. तो हसत नव्हता. पुढची सीट त्याने दोन्ही हातांनी धरली होती. नगराध्यक्षांची माणसं घड्याळं बघायला लागली, लिझबाईंनी मला डोळ्याने खुणावलं. अशा वेळी समन्वयच करावा लागतो. मी आत गेलो. म्हणालो, कोंपाद्रे, उतर. तमाशा नको. सोमवारपासून रोजची बस सुरू होतेय.

तो म्हणाला, हे तू सांगतोस की नगरपालिका?

मी म्हणालो, मी सांगतो.

तेव्हा उतरला.

मागाहून वाटतं, ड्रायव्हरला सरळ विचारता आलं असतं की जाता जाता याला सोड. त्याची ना नव्हती. पण गडबड इतकी होती. आणि अशा गोष्टी आयोजकांनी बघायच्या असतात. आजचं मशीन चुकलं. एखाद्या वेळेने काय होतं.

२८ एप्रिल, मंगळवार

रात्रभर पाऊस. रस्त्याचा लाल चिखल झालाय. काल सोमवार होता. बसबद्दल काही कळलं नाही.

घसा बसला आहे. शनिवारचा ताण. कोणाशी न बोलण्याचं ठरवून दारं लावून बसलो.

संध्याकाळी, त्याच दिवशी

आनास्तासिओ वाटेत पडला. वीटभट्टीच्या ट्रकमधून नेला, विटांच्या वर झोपवून. असं शेजारी सांगत होते. मी घशामुळे जास्त विचारू शकलो नाही.

३० एप्रिल

हॉस्पिटलात गेलो नाही. रुग्णाला विश्रांती हवी असते, शिवाय नळ्या वगैरे लावलेल्या, अशा वेळी नातलगांची गर्दी नको. फोन केला. न्या इल्दाने घेतला. छातीत पाणी भरलं होतं, आता उतरतंय.

मी म्हणालो, देवाची कृपा. आणि म्हणालो की त्याने तेरेरे जरा जास्तच घेतला असेल, मी मागेच बघितलं होतं नळी तोंडात.

मग ती म्हणाली, तुझ्या जिभेला हाड नाही हे आम्हाला लग्नाच्या आधीपासून ठाऊक होतं, एवेलिओ. पण तिला कोणी भोंगा लावून देईल, हे नव्हतं ठाऊक.

फार थकली आहे बिचारी. मनावर घेतलं नाही. रात्री झोप लागली नाही, ती डासांमुळे.

६ मे

आनास्तासिओ बरा होऊन निघाला, पण इकडे आला नाही. नदीकाठी आपल्याच पाडलेल्या घराच्या ओट्यावर चार पत्रे आणि प्लायवूड उभं केलं. दिग्ना पत्रा धरायला होती. तिनेच सांगितलं, लपवलंही नाही.

मी म्हणालो, हे बेकायदा आहे, तिथे राहायला मनाई आहे, मी स्वतः वाचलंय.

ती म्हणाली, हो, आम्ही ऐकलं होतं. आवाज छान लागला होता.

ती आता आठवड्यातले चार दिवस तिकडेच असते, भट्टीपाशी. तात्पुरतं.

१४ मे, स्वातंत्र्यदिनाची पूर्वसंध्या

दवाखान्याला पाटी लागली. निळी, सुंदर. कुलूपही नवं आहे. भोजनालयाला पाटी नाही, पण पातेली आली होती, ती परत गेली.

पदाचं विचारायला लिझबाईंना फोन लावला. एका पुरुषाने घेतला. म्हणाला, त्या सोडून गेल्या, खाजगी बँकेत. आपण कोण?

मी म्हणालो, एवेलिओ रेकाल्दे, नव्या पहाटेचा आवाज.

तो म्हणाला, असं पद आमच्याकडे नाही.

म्हणजे फेरबदल चालू आहेत. असं पद नाही, याचा अर्थ ते निर्माण करावं लागणार. निवेदनं मात्र दर शुक्रवारी फोनवर येतातच. तोंडी काही म्हणोत, विश्वास आहे म्हणूनच येतात.

२९ मे

निवेदन: विजेची बचत करा. रात्री भोंग्याखाली उभा राहून बघितलं तर आमच्या ओळीत फक्त माझ्याच घरात दिवा. लोकांनी एकदम मनावर घेतलेलं दिसतं.

३० मे

ते लोक घरी नव्हतेच. भेटीगाठींना नदीकाठी गेलेत. काही जण खिडक्याही घेऊन गेलेत.

१२ जून

कडाक्याची थंडी. दिग्ना आली होती, माझी दोन ब्लँकेटं आणून दिली, साबुकंद उकडून ठेवला, भांडी घासली. जाताना दारात थांबली. म्हणाली, कोंपाद्रे विचारत होता तुझं. मी विचारलं, काय विचारत होता? म्हणाली, जेवतोस का, एवढंच.

आणि तो कसा आहे?

चेहऱ्यावर रंग आलाय. दोन बस त्याच्या वाटेवरून जातात, जी आधी येईल ती.

इथल्या स्वच्छ हवेचा परिणाम. महिना-दीड महिना राहिला ना, फुप्फुसात साठून राहते.

१८ जून

नदी चढतेय! रेडिओवर सकाळपासून तेच. कोणाचं वाईट चिंतायचं नाही, पण मी पहिल्यापासून सांगत होतो. आता येतील. सगळे येतील. म्हणतील, एवेलिओ, तू दूरचं बघणारा.

दिवसभर आनास्तासिओचं घर झाडलं. कोळ्याची जाळी काढली. त्याच्या पलंगावर माझं जाड ब्लँकेट घातलं. खिडकी नव्हती, पुठ्ठा लावला. स्वागताचं छोटं भाषण तयार केलं. त्यात टोमणा एकही नाही. एक होता, तो खोडला.

२० जून

आले नाहीत. पाणी भट्टीपर्यंत आलंय म्हणतात.

२१ जून

दिग्नाचा फोन. सगळे वर चढून शहरातल्या एका चौकात गेलेत. झाडांखाली प्लायवूडच्या खोल्या, नळ एक, संडास चार. चौकापासून हॉस्पिटल तीन गल्ल्यांवर. आनास्तासिओ म्हणतो, आयुष्यात असा पत्ता मिळाला नव्हता, पूर आला की श्रीमंतांच्या शेजारी. हॉस्पिटलातल्या नर्सेस दिग्नाच्या चिपा गरम गरम घेऊन जातात. कोणीतरी ड्रम कापून भट्टी करून दिली.

मी विचारलं, आणि आपली भट्टी?

वाहून गेली, म्हणाली.

मग म्हणाली, एवेलिओ, एका गादीची जागा आहे. ये.

मी म्हणालो, आणि निवेदन कोण वाचणार?

ती म्हणाली, कोणासाठी?

मी म्हणालो, हॅलो, आवाज तुटतोय, काही ऐकू येत नाही. आणि फोन ठेवला.

आवाज तुटत नव्हता.

२४ जून, संत हुआनची रात्र

सणाला जाळ करतात, खेळ असतात. वीटभट्टीवाल्यांनी पेटवला होता, लांबून दिसला. जाऊ म्हटलं, पण ओळख नाही. त्यांचा ट्रक कोणाला घेऊन गेला होता, त्या कामाचे आभार मानायचे राहिलेत. पुढच्या वर्षी मानू.

२६ जून

निवेदन: ‘४४-ब बससेवा समाधानकारकरीत्या सुरू असून दर पंधरा मिनिटांनी उपलब्ध आहे.’

वाचलं. पहिल्यांदा ‘समाधानकारक’ घशात अडकला. दुसऱ्यांदा नीट गेला.

नंतर विचार केला, मी काही चोवीस तास स्टॉपवर नसतो. मी गुळण्या करत असताना येऊन जात असेल. मोटारीचा आवाज गुळण्यांत ऐकू येत नाही. उद्या गुळण्या न करता बघायचं.

२७ जून

गुळण्या केल्या नाहीत. स्टॉपवर बसून राहिलो. एक घोडागाडी गेली.

३ जुलै, शुक्रवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

काल दुसऱ्या एका बुडालेल्या वस्तीतून नगरपालिकेच्या ट्रकने चार घरची माणसं आणली. मी भोंग्यावरून स्वागत केलं आणि ओघात बसचं मागच्या शुक्रवारचं निवेदनही वाचलं, माहिती असावी म्हणून.

सकाळी दहाला बाहेर आलो तर स्टॉपवर एक बाई. तरुण. कडेवर तान्हं मूल, शालीत गुंडाळलेलं. मूल सारखं खोकत होतं, कोरडा खोकला, कुत्र्याच्या भुंकण्यासारखा. मी नमस्कार केला आणि घरात गेलो. अकराला बघितलं, तशीच उभी. बाराला मूल शालीखाली झोपलं होतं आणि ती या पायावरून त्या पायावर भार देत होती. घरात साबुकंद होता, खायला बसलो, तसाच झाकून ठेवला.

दुपारी दोनच्या सुमारास गेलो. म्हणालो, मुली, कुठे जायचंय?

हॉस्पिटलात. रात्रीपासून दूध घेत नाही.

मी म्हणालो, बस येणार नाही.

असं मी म्हणालो. लिहिताना बघतोय, खरंच हेच शब्द.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. दाढी वाढलेली, खांद्यावर ब्लँकेट. म्हणाली, येणार आहे. दर पंधरा मिनिटांनी असते, मधूनच एखादी चुकते. भोंग्यावर सांगितलंय.

मी म्हणालो, भोंग्यावरचा माणूस खोटं बोलतो.

तशी ती चिडलीच. म्हणाली, तुम्हाला काय करायचंय, काका? काल तेवढा एकच माणूस आमच्याशी नीट बोलला. ट्रकवाले तर जनावरं उतरवावीत तसे उतरवून गेले.

मी म्हणालो, मीच तो.

ती हसली. कीव आल्यासारखी. म्हणाली, तो नाही हो. त्याचा आवाज केवढा भारदस्त. तुमचा घसा बसलाय, घरी जाऊन काहीतरी गरम घ्या.

वीटभट्टीपर्यंत चल, तिथे ट्रक मिळतो, म्हणालो. ती म्हणाली, आणि तेवढ्यात बस येऊन गेली तर? मी म्हणालो, मूल माझ्याकडे दे, मी नेतो, तू थांब. हे बोलायला नको होतं. तिने मुलाला छातीशी घट्ट धरलं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली.

मग मी धावत वीटभट्टीवर गेलो. धावत म्हणजे माझ्या वयाला जमेल तसा. चिखलात एक चप्पल राहिली. ट्रक सगळे माल घेऊन गेलेले, साडेसहापर्यंत परततील म्हणाले. मुकादमाने सांगितलं, आला की पहिला तिकडे धाडतो. त्याने मला ओळखलं नाही, पण आनास्तासिओ त्याला आठवत होता. विचारलं, तो विटांवर नेलेला म्हातारा जगला का?

परत आलो. ती तिथेच. मूल जागं होतं, रडत नव्हतं. रडलं असतं तर बरं वाटलं असतं. मी बाकाच्या या टोकाला बसलो. सांगितलं, ट्रक येतोय. ती हो म्हणाली, म्हाताऱ्याला म्हणतात तसं.

सहा वाजत आले. आज शुक्रवार, निवेदनाची वेळ. खिशात फोन वाजला, तेच असणार. मी काढला नाही.

ती म्हणाली, बसा आता शांत, काका. इतक्यात भोंगा लागेल. तो सांगेल बस कुठवर आलीय ते.

आम्ही दोघं टाकीच्या खांबावरच्या भोंग्याकडे बघत बसलो.